कोंबड्यांच्या डोक्यावरचं छप्पर

मोरॅगच्या हातात मोजपट्टी होती, गुडघ्यांखाली कोंबड्यांची घाण होती, आणि बाहेरून एक पुरुषी आवाज विचारत होता, "किती अंडी सापडली?"

ती दचकली आणि तिचं डोकं वर आपटलं. त्या खुराड्यात धड दचकायलाही जागा नव्हती.

"अंडी नकोत मला!" ती आतूनच ओरडली. "छप्पर हवंय!"

बाहेर नुसता पावसाचा आवाज. मग तोच माणूस, अगदी गंभीरपणे — "छप्पर? ते अकरा जणींच्या नावावर आहे. सगळ्यांच्या सह्या लागतील."

मोरॅगला हसू आलं. पण दुसऱ्याच्या कुरणात, दुसऱ्याच्या खुराड्यात चोरासारखं सापडल्यावर हसायचं तरी कोणत्या तोंडाने? ती पाय आधी, डोकं शेवटी अशी सरपटत बाहेर यायला लागली. आधी बूट आले, मग पाय... आणि पाय येतच राहिले.

"अजून किती आहेत?" आवाजाने विचारलं.

"संपले की सांगते."

ती उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं, तो तिच्यापेक्षा चार बोटं बुटका होता. मोरॅग सहा फुटाला एक बोट कमी. तिच्यासमोर पुरुष एक तर ताठून उभे राहायचे, नाही तर वरच्या हवेबद्दल काहीतरी शिळा विनोद करायचे. याने यातलं काहीच केलं नाही. याने फक्त टोपी मागे सरकवली... तिला नीट बघता यावं म्हणून. पाऊस त्याच्या तोंडावर पडत होता आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

"मी तिओने," तो म्हणाला. "कोंबड्या माझ्या आंटीच्या. आणि तुझ्या केसांत पीस आहे."

मोरॅग मेंढ्या कातरणाऱ्या टोळीत होती. कातरलेली लोकर उचलायची, पसरायची, चांगली-वाईट वेगळी करायची, हे तिचं काम. मेंढी ओली असली की कातरता येत नाही, आणि ऑगस्टच्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्याच्या, त्या आठवड्यात साउथलंडमधली एकूण एक मेंढी ओली होती. बसून बसून कंटाळलेली मोरॅग आपली व्हॅन घेऊन समुद्राकाठच्या रस्त्याने निघाली आणि रिव्हरटनच्या अलीकडे, एका कुरणात, तिला ते दिसलं. पांढरं, पाठ फुगलेलं, पालथ्या घातलेल्या होडीसारखं. फायबरचं उंच छप्पर! तिच्याच जातीच्या व्हॅनचं, तिच्याच लांबीचं. दोन वर्षं ती ते भंगारवाल्यांकडे शोधत होती, आणि इथे त्याच्याखाली कोंबड्या संसार करत होत्या.

"पण तुला कशाला हवंय?" तिओनेने विचारलं.

"उभं राहायला."

"म्हणजे?"

"दिवसभर शेडमध्ये वाकून लोकर वेचायची. घरी यायचं — घर म्हणजे ती व्हॅन — आणि पुन्हा वाकायचं. पँट घालायची तर आडवं पडून. दोन वर्षं झाली, मी माझ्या स्वतःच्या घरात एकदाही सरळ उभी राहिलेली नाही."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने ओल्या फायबरवरून तळहात फिरवला, कडेपर्यंत नेला, वाकून आतून बोटांनी चाचपलं. बैलाच्या पाठीवरून शेतकऱ्याचा हात फिरावा तसा तो हात फिरत होता, आणि मोरॅग बघत राहिली.

"मागचा कोपरा फुटलाय, गाय टेकली होती," तो म्हणाला. "आणि इतकी वर्षं जमिनीवर बसून कडा फाकल्यात. पट्टे बांधून आत ओढाव्या लागतील. बाकी माल चांगला आहे."

"दुरुस्त होईल?"

"कोण करतं त्यावर आहे."

"तू केलंस तर?"

"होईल," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि तिचा विश्वास बसला.

तिओने होड्या दुरुस्त करायचा. नदीच्या मुखाशी त्याची शेड होती आणि मागे त्याच्या आंटीचं, हुइयाचं, घर. कोंबड्यांची, कुरणाची आणि अर्थातच तिओनेची खरी मालकीण तीच. तिने मोरॅगला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात गरम चीज रोलची ताटली ठेवली आणि चष्म्यावरून तिला पायापासून डोक्यापर्यंत वाचून काढलं. वाचायला जरा वेळच लागला.

"पैसे नकोत," हुइया म्हणाली. "माझ्या मुलींना घर हवं. तू त्यांचं छप्पर नेणार, तर त्यांच्या डोक्यावर दुसरं घालून जा. लाकडाचं. वाऱ्याकडे पाठ असलेलं. कामाला हा माझा पुतण्या मदत करेल, त्याला तसंही माणसांत बसायची सवय नाही."

"आंटी..." तिओने म्हणाला.

"काय आंटी? खरं ते खरं. कामावर कधी हजर व्हायचंय पोरी तुला?"

अकरा दिवसांनी, सोमवारी, टोळी डोंगरातल्या मेरिनो मेंढ्यांवर जाणार होती. टोळीची मुकादम ग्लेनिस वक्तशीर बाई. तिओनेने बोटांवर हिशेब केला. बुधवारी छप्पर बसेल, दोन दिवस गोंद पक्का व्हायला, शुक्रवारी मोरॅग मोकळी.

शुक्रवारी मोकळी! मोरॅगला आनंद झाला. तो आनंद जेमतेम चार दिवस टिकला.

चार दिवसांत खुराडं उभं राहिलं. जुन्या फळ्या, माशांच्या पेट्या, आणि दोघांची अखंड बाचाबाची.

"हे दार तिरकं आहे," मोरॅग म्हणायची.

"कोंबड्याही तिरक्याच चालतात."

"तू बोटी पण अशाच बांधतोस?"

"बोटीत तुझ्यासारखं कुणी आडवं येत नाही."

पण फायबरपाशी गेला की हाच माणूस वेगळा व्हायचा. छप्पर शेडमध्ये आणून उलटं ठेवलं, तासून धुतलं, आणि तो कामाला लागला. घाई नाही, धांदल नाही. फुटलेला कोपरा त्याने आधी आणखी फोडला. "सडलेलं ठेवून वरून लिंपलं की झालं सुंदर थडगं," तो म्हणाला. मग घासत घासत कडा इतक्या पातळ केल्या की डोळे मिटून बोट फिरवलं तर जुनं कुठे संपतं ते कळू नये. पंधरा वर्षं हे करणारा माणूस दर वेळी डोळे मिटून बोट फिरवत होता. मोरॅगने आयुष्यात पुष्कळ कामसू माणसं पाहिली होती. काम असं लाडाने करणारा माणूस तिने पहिल्यांदा पाहिला, आणि तिला तो आवडला. सरळ सांगायचं तर फारच आवडला.

घासताना काचेची बारीक धूळ उडते, बाहीत शिरते आणि मग दिवसभर अंग खाजतं. सोमवारी सकाळी तो चिकटपट्टी घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"हात पुढे कर."

त्याने तिची बाही मनगटावर ओढली आणि वरून पट्टी गुंडाळली. एक वेढा... दुसरा वेढा... मनगटाला दोन वेढे पुरतात हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने चार घातले.

"घट्ट होतंय?" त्याने मान खाली घालूनच विचारलं.

"नाही..." ती म्हणाली. "दुसरा हात राहिलाय."

त्या दिवशी काचेच्या धाग्यांचं कापड बसवायचं होतं. ते चिकटवणारा राळेसारखा द्रव, म्हणजे रेझिन, कालवायचं काम मोरॅगकडे आलं. तिओनेने तिला नीट शिकवलं होतं — डब्यात आधी रेझिन, मग बाटलीतलं हार्डनर मोजून, मग मनात शंभर आकडे मोजत ढवळायचं. हार्डनर म्हणजे दुधातलं विरजण. ते नसेल तर महिना थांबा, रेझिन घट्ट होणार नाही.

मोरॅगने रेझिन ओतलं. तेवढ्यात तिओने बाह्या सरसावून कोपऱ्यावर वाकला, ओठ दातांत धरून कापड बोटांनी बसवायला लागला, कपाळावरची बट पुन्हा पुन्हा खाली येत होती आणि तो ती खांद्याने मागे सारत होता... मोरॅगने ढवळलं. एक, दोन, तीन. अगदी मन लावून शंभरापर्यंत मोजलं. आणि डबा त्याच्या हाती दिला.

मंगळवारी सकाळी ती सर्वांत आधी शेडमध्ये गेली. कोपऱ्याला बोट लावलं. बोट चिकटलं. मधासारखा सगळा कोपरा चिकचिकत होता. तिने फळीवर पाहिलं. हार्डनरची नवीकोरी बाटली, सीलसुद्धा तुटलेलं नाही.

मागे तिओनेची पावलं वाजली आणि तिने, काही विचार न करता, बाटली खिशात टाकली.

तिओने आला. त्याने कोपऱ्याला बोट लावलं. बोटाकडे पाहिलं. फळीकडे पाहिलं. मग मोरॅगकडे.

"थंडी," तो म्हणाला. "थंडीत रेझिन रुसतं. सगळं खरवडून काढायचं, धुवायचं, पुन्हा करायचं. तीन दिवस गेले."

"म्हणजे शनिवारी?"

"शनिवारी."

सांगायला हवं होतं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं! पण मोरॅगच्या मनात लाज होती, आणि लाजेच्या शेजारीच, निर्लज्जपणे, आनंद बसला होता. तीन दिवस... अजून तीन दिवस. तिने ग्लेनिसला फोन केला. ग्लेनिस म्हणाली, सोमवारी संध्याकाळपर्यंत ये, त्याहून उशीर चालणार नाही.

ते तीन दिवस सुंदर गेले आणि त्यातल्या एकाही दिवसाने तिला सुखाने राहू दिलं नाही. रिव्हरटन केवढंसं गाव! तिओनेचं रेझिन धरलं नाही, ही बातमी दुपारच्या आत बंदरावर पोचली. लोक मजेने विचारायचे, "काय रे, यंदा रेझिनऐवजी जॅम आणलास का?" तो नुसता मान हलवायचा. "चुकलं माझं. थंडीचा अंदाज आला नाही."

गुरुवारी म्हातारा मर्डो आला. कोळी माणूस. त्याची मोठी होडी पुढच्या महिन्यात तिओनेच्या शेडमध्ये यायची होती, हिवाळ्याचं उरलेलं सगळं काम त्या एका होडीवर होतं. मर्डो छपराभोवती फिरला, कोपऱ्यावर नखाने टकटक केली, आणि तिओने आत चहा ठेवायला गेल्यावर मोरॅगला म्हणाला, "पोरगा चांगला आहे. पण मी त्या फायबरवर बसून समुद्रात जातो ना, पोरी. ब्लफ बंदरात, दुसऱ्या कुणाकडे नेईन म्हणतो होडी."

मोरॅगला तोंडात घास फिरावा तसं झालं. तो तिच्यामुळे बोलणी खात होता, आणि आता होडीही जाणार होती. खरं सांगावं, तर तो काय म्हणेल? पंधरा वर्षांचं नाव एका खिशातल्या बाटलीने घालवलं, आणि वर तीन दिवस त्याच्याच टेबलावर जेवले मी! असल्या मुलीच्या मनगटाला पुन्हा कोण हात लावेल?

शुक्रवारी संध्याकाळी हुइयाने खारवलेले टीटी पक्षी बटाट्यांबरोबर उकडले, हे घरच्याच माणसांना मिळणारं जेवण. मोरॅगला ते गिळवलं नाही.

"मीठ जास्त झालं का?" तिओनेने हळूच विचारलं.

"नाही... छान आहे. फार छान आहे सगळं."

शनिवारी पाऊस थांबला. तिओनेने व्हॅन सपाट फरशीवर आणली, पाणसळ लावून चारी चाकं एका पातळीत केली, दारं घट्ट बंद केली. छप्पर कापलं की गाडीचा सांगाडा मुरडतो, म्हणून आतून लोखंडी पट्ट्या आधीच जोडल्या होत्या. कटर त्याने मोरॅगच्या हातात दिला.

"पहिला काप मालकिणीचा."

"आणि चुकला तर?"

"तर आपण दोघं पावसात भिजू," तो म्हणाला. तो 'तू' म्हणाला नाही, 'आपण दोघं' म्हणाला. तिने कटर चालवला.

तासाभरात व्हॅनचं डोकं उघडं झालं. नवं छप्पर उचलायला आठ माणसं जमली. पुढच्या कोपऱ्यावर तिओने, त्याच्या समोर मर्डो, मागे हुइया, बाकी शेजारी. कडेने गोंद लावून झाला होता. मोरॅग आत, छपराची कड पन्हळीत नीट बसते का ते बघायला. छप्पर उचललं गेलं, डोक्यांच्या वर आलं, हळूहळू व्हॅनवर सरकलं.

"खाली घेऊ?" मर्डोने विचारलं, आणि डोळे मिचकावून म्हणाला, "काय रे तिओने, हे तरी चिकटेल ना? की आजही थंडी आहे?"

सगळे हसले. तिओनेही हसला, कान लाल करून. ते लाल कान मोरॅगला बघवले नाहीत.

"थांबा!" ती ओरडली. "खाली ठेवू नका!"

आठही जण छप्पर डोक्यावर धरून जागच्या जागी थिजले.

"रेझिन थंडीने बिघडलं नाही," मोरॅग म्हणाली. तिने खिशातून बाटली काढून वर धरली. "मी हार्डनर घातलंच नाही. विसरले. शंभरापर्यंत मोजलं, सगळं केलं, आणि हार्डनर विसरले. मग बाटली लपवली. ही बघा! त्याची काही चूक नाही. मर्डो, त्याच्यासारखं काम करणारा माणूस मी पाहिलेला नाही, तुम्ही होडी ब्लफला नेऊ नका. वाईट मी आहे, तो नाही."

मोरॅगने मान वर केली. छप्पर आणि व्हॅन यांच्या मधल्या हातभर फटीतून तिला तिओनेचा चेहरा दिसत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"सोमवारीच. तू डबा दिलास तेव्हा बाटलीचं सील मला दिसलं. रेझिन अजून ओलं होतं, दोन मिनिटांत निस्तरलं असतं." त्याने छपराची कड नीट धरली. "मी ब्रश उचलला आणि तसंच लावलं."

"का?" मोरॅगने विचारलं. तिला खरोखर समजत नव्हतं. "तू? तू असं वाईट काम कसं सोडलंस?"

"सांगितलं असतं तर तू शुक्रवारी गेली असतीस..."

छप्पर थोडं हललं. कुणाचे तरी हात भरून आले होते.

"पंधरा वर्षांत एकदाही केलं नव्हतं," तिओने म्हणाला. आता त्याला लपवायचं काही उरलं नव्हतं. "बोलायला मला जमत नाही, मोरॅग. रेझिन बिघडवायला जमलं."

"अरे देवा!" मागून हुइया किंचाळली. "प्रेम करा, भांडा, लग्न करा, काय ते करा! पण आधी हे खाली ठेवा! माझे खांदे साठ वर्षांचे आहेत!"

"म्हणजे रेझिन नाही, पोरगाच पातळ झाला होता," मर्डो धापा टाकत म्हणाला. "होडी आणतो रे तुझ्याकडेच! पण ही मुलगी शेडमध्ये असेल त्या दिवशी हार्डनर मी घालणार."

हसत, शिव्या देत, छप्पर खाली आलं. कड पन्हळीत जाऊन बसली, ती अशी की जणू त्याच व्हॅनवर जन्मली होती. पट्टे आवळले, शिकंजे लावले, बाहेर आलेला गोंद तिओनेने बोटाने एका दमात पुसत नेला, चारी बाजूंनी, कुठेही न थांबता. काम करताना तो पुन्हा तोच झाला होता, शांत आणि नेमका, आणि मोरॅग आतून कडेची ती काळी रेघ सरळ, एकसारखी पुढे जाताना बघत होती. असा माणूस आपल्यासाठी एक काम मुद्दाम वाईट करतो... तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हुइया सगळ्यांना चहाला घेऊन गेली. जाताना शेडचं दार तिने जरा जास्तच आवाज करून लावलं.

तिओने आतून सांधा तपासायला व्हॅनमध्ये चढला. मोरॅग मधोमध उभी होती, पूर्ण सरळ, आणि डोक्यावर अजून वीतभर जागा शिल्लक होती. त्याने टॉर्च छपराच्या कडेवर धरला, थोडा वेळ बघितलं, मग टॉर्च बंद केला. आत छपरातून झिरपणारा दुधी उजेड होता.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"मी? चोर मी, आणि राग मी धरू?"

"चोर दोघं."

"मग ऐक," ती म्हणाली. तिने त्याचे गोंदाने काळे झालेले हात हातांत घेतले. "मेरिनोचं काम सहा आठवड्यांचं आहे. ते मी करणार, मला ते काम आवडतं. पण सहा आठवड्यांनी मी इथे परत येणार आहे, छप्पर तपासून घ्यायला नाही, तुझ्यासाठी. मला तू आवडतोस, तिओने. तुला बोलायला जमत नसेल तर नुसती मान हलव."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "मधल्या रविवारी मी येईन. प्रत्येक रविवारी. डोंगर काही एवढा लांब नाही." आणि मग, टाचा किंचित उंचावून, त्याने तिचं चुंबन घेतलं. गोंदाचा वास, पावसाचा वास... आणि त्याचा.

बऱ्याच वेळाने मोरॅगने विचारलं, "गोंद पक्का व्हायला किती दिवस?"

तिओने विचारात पडला. त्याच्या चेहऱ्यावर मोह अगदी स्पष्ट दिसत होता.

"दोन," तो शेवटी म्हणाला. "दोनच. आता पुन्हा खोटं नाही बोलणार मी."

"शहाणा आहेस," मोरॅग म्हणाली आणि तिने खिशातून फोन काढला. "हॅलो, ग्लेनिस? हो, बसलं छप्पर... पण अजून ओलं आहे गं. फार ओलं आहे. आता गुरुवारीच येते."